साखरवाल्यांना एमएसपी वाढवून हवी, फूडवाल्यांना नको: ग्रुपच्या नावाने सरकारला नक्की काय सांगायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. ग्रुपचा सोलापूरकडे साखर कारखाना आणि डिस्टिलरी आहे, वेगळ्या कंपनीत बिस्किट-गोळ्यांचा फूड बिझनेस आहे आणि तिसरा धंदा कोंबडीखाद्याचा. साखरेच्या सीईओंना एमएसपी (कारखान्याने साखर विकायची सरकारने ठरवलेली किमान किंमत) वाढवा असं पत्र केंद्राला पाठवायचंय, ग्रुपच्या लेटरहेडवर, येत्या शुक्रवारपर्यंत. फूडचे हेड म्हणतात असलं पत्र गेलं तर मी थेट चेअरमनकडे जाणार. खाद्यवाल्यांना मका आयात स्वस्त व्हायला हवीय आणि डिस्टिलरीवाले म्हणतात मक्याबद्दल आत्ता तोंडच उघडू नका. चेअरमन म्हणाले "तुम्ही बघा काय ते". तुम्ही कॉर्पोरेट अफेअर्सला दीड वर्षापूर्वी आलात, पगार साखर कंपनीतून निघतो, आणि तुम्ही विचारताय बाजू कोणाची घेऊ.

बाजू कोणाचीच घेऊ नका, कारण ती ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेलाच नाहीये आणि तुमची खरी अडचण तीच आहे. "तुम्ही बघा" म्हणजे निर्णय झाला असं नाही. उद्या काही बिनसलं तर दोन्हीकडून बोट तुमच्याकडेच येणार. मी गेली बावीस वर्षं हेच काम करतेय, आधी मुंबईत, मग दिल्लीत, आता पुण्यात, आणि अनेक धंदे असलेल्या ग्रुपमध्ये हे भांडण मी इतक्या वेळा बघितलंय की आता ते सुरू व्हायच्या आधीच दिसतं. प्रत्येक डिव्हिजनला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. सरकारमधल्या माणसाला मात्र तुमच्या डिव्हिजन दिसत नाहीत, त्याला पत्राच्या वर छापलेलं एक नाव दिसतं.

एक प्रसंग सांगते, कारण त्यातून मी हे शिकले. ग्रुपचं नाव सांगत नाही. तिथे एक डिव्हिजन कच्चं केमिकल बनवायची आणि दुसरी डिव्हिजन त्याच केमिकलपासून पुढचा माल. पहिलीला इम्पोर्ट ड्युटी वाढवून हवी होती, दुसरीला कमी करून, आणि दोघांनी एकमेकांना न सांगता आपापली पत्रं पाठवली. मी एका मंत्रालयात तिसऱ्याच कामासाठी गेले होते, जॉइंट सेक्रेटरींनी माझं बोलणं ऐकून घेतलं, मग फाईलमधून दोन कागद काढून माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. वर तोच लोगो, तारखांमध्ये नऊ दिवसांचं अंतर. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "मॅडम, तुमची कंपनी काय म्हणतेय ते आधी तुम्ही ठरवा, मग या." चहा आला होता तो तसाच राहिला. त्यानंतर सहा-सात महिने आमच्या कुठल्याच कागदाला तिथे वजन नव्हतं, ज्या कामाशी या वादाचा काही संबंध नव्हता त्यालाही नाही.

त्याच प्रकरणात पुढे अजून एक निघालं. कच्च्या मालाच्या डिव्हिजनने अँटी-डम्पिंगची, म्हणजे बाहेरून अति स्वस्तात येणाऱ्या मालाविरुद्धची, केस करायचं ठरवलं होतं, वकील लावले, आकडे गोळा केले, पाच महिने गेले, आणि मग कळलं की आपलीच दुसरी डिव्हिजन तोच माल बाहेरून मागवतेय. १९९५ च्या अँटी-डम्पिंग नियमांत २(ब) मध्ये "डोमेस्टिक इंडस्ट्री" कोण याची व्याख्या आहे, आणि जो उत्पादक स्वतःच तो माल आयात करतो किंवा आयातदाराशी संबंधित आहे त्याला त्या व्याख्येबाहेर ठेवता येतं. म्हणजे आमची केस उभी राहते की नाही इथूनच सुरुवात. परचेसच्या माणसाला एक फोन केला असता तर हे पहिल्याच दिवशी समजलं असतं. म्हणून मी आता कुठलीही मागणी लिहायच्या आधी ग्रुपच्या सगळ्या परचेस हेडना एकच प्रश्न विचारते, या वस्तूचं तुम्ही काय करता, बनवता, विकता, विकत घेता की आयात करता.

आता तुमच्या साखरेकडे येऊ. एमएसपी जून २०१८ मध्ये आली, किलोला २९ रुपये, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाली आणि मग बरीच वर्षं तिथेच राहिली. त्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, टनाला २७५० वरून २०२५-२६ च्या हंगामाला ३५५० पर्यंत गेली (बेस रिकव्हरी, म्हणजे हा दर उसातून किती साखर निघेल असं धरून ठरतो ते प्रमाण, १० वरून १०.२५ टक्के झाली हेही धरा). त्यामुळे साखरवाल्यांची तक्रार खोटी नाही. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, आणि साखर मात्र सरकारने ठरवलेल्या मासिक कोट्याप्रमाणे वर्षभर विकायची. एमएसपी म्हणजे त्यांच्यासाठी दर कोसळलाच तर कुठे थांबेल याची खात्री. फूडवाल्यांचं दुखणंही खरं आहे, त्यांच्या पाच रुपयांच्या पुड्याची किंमत वाढवता येत नाही, मग वजन कमी करावं लागतं, आणि एका वर्षात किती वेळा वजन कमी करणार.

दोघांनाही एका कागदावर आणा. साधा एक पानाचा कागद. उदाहरणाचे आकडे घेते, तुमचे तुम्ही टाका. समजा कारखाना वर्षाला ८० हजार टन साखर विकतो आणि एमएसपीमुळे प्रत्यक्ष मिळणारा दर किलोला २ रुपयांनी वाढला, तर १६ कोटी. फूडला वर्षाला १२ हजार टन साखर लागते, म्हणजे त्यांचा खर्च २ कोटी ४० लाखांनी वाढला. सीईओ हाच हिशोब मांडतात आणि म्हणतात ग्रुपला साडेतेरा कोटींचा फायदा आहे, भांडण कसलं?

इथे थांबा. महाराष्ट्रात २०१३ चा ऊसदराचा कायदा आहे, त्यात साखर आणि बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा, आणि एफआरपी आणि हा वाटा यातलं जे जास्त ते द्यायचं. तुमचा कारखाना जर आरएसएफने (या ७० टक्के वाट्याच्या सूत्राने) एफआरपीच्या वर जाणाऱ्यांतला असेल तर त्या १६ कोटींतले ७० टक्के गावात जाणार, ते जायलाच हवेत, पण मग कंपनीकडे राहिले ४ कोटी ८० लाख. त्यातून फूडचे २ कोटी ४० लाख वजा केले की ग्रुपकडे उरले तेवढेच. साडेतेरा कोटींचे झाले २ कोटी ४० लाख. आणि कारखाना एफआरपीवरच थांबणारा असेल तर हिशोब पुन्हा वेगळा, जास्त पैसे कंपनीकडे राहतात. हे पूर्णपणे तुमच्या रिकव्हरीवर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नावर अवलंबून आहे, कॉस्टिंगच्या माणसाला घेऊन बसल्याशिवाय कळणार नाही. अजून एक, बाजारातला एक्स-मिल (कारखान्याच्या दारातला) दर जर आधीच एमएसपीच्या बराच वर असेल तर एमएसपी थोडी वाढल्याने या वर्षी कोणालाच काही मिळणार नाही आणि कोणाचं काही जाणारही नाही, नुसत्या कागदावरच्या गोष्टीसाठी दोन सीनियर माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली मी बघितली आहेत.

पण समजा हिशोबात ग्रुपचा फायदाच निघाला, तरी फूडचे हेड ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांचा वर्षाचा नफा समजा ६ कोटी असेल तर २ कोटी ४० लाख म्हणजे ४० टक्के गेले, आणि त्यांचं अप्रेझल, त्यांचा बोनस, त्यांच्या टीमची वाढ सगळं त्या ६ कोटींवर. तुम्ही त्यांना "ग्रुपचं हित बघा" सांगणार आणि वर्षअखेरीला एचआर त्यांना विचारणार टार्गेट का चुकलं. असं दुहेरी चालत नाही. सरकारी धोरणावरून होणारी नव्वद टक्के भांडणं माझ्या अनुभवात शेवटी या बोनसच्या तक्त्यापाशी येऊन थांबतात, फक्त तसं कोणी बोलून दाखवत नाही, सगळे "धोरणात्मक दृष्टिकोन" वगैरे म्हणतात.

याच्यावर पहिला उपाय सगळ्यांच्या डोक्यात येतो तो म्हणजे कारखान्याने फूडला स्वस्तात साखर द्यावी. ते होणार नाही. एमएसपी ही कारखान्याच्या दारात विकायची किमान किंमत आहे, त्याखाली इनव्हॉइस काढता येत नाही, समोर स्वतःच्याच ग्रुपची कंपनी असली तरी. शिवाय ही विक्री मासिक कोट्यातच मोजली जाते आणि कंपन्या वेगळ्या असल्यामुळे रिलेटेड पार्टीचा, म्हणजे आपल्याच माणसांतल्या व्यवहाराचा विषय येतो, ऑडिटर आर्म्स लेंग्थ, म्हणजे परक्याला लावला असता तोच भाव लावला का, हे विचारणारच. म्हणून भरपाई इनव्हॉइसमध्ये शोधू नका, टार्गेटमध्ये द्या. सीएफओंना सांगा की ग्रुपने मागितलेल्या धोरणामुळे साखरेचा दर वाढला तर तेवढी रक्कम फूडच्या टार्गेटमधून वजा आणि साखरेच्या टार्गेटमध्ये अधिक. हे लेखी झालं की फूडच्या हेडचा सूर कसा बदलतो बघा. एका ठिकाणी मी हे करून घेतलं तेव्हा जो माणूस तीन महिने मीटिंगला येत नव्हता तो स्वतः ड्राफ्ट दुरुस्त करायला बसला होता.

दुसरं, दोघांच्या खऱ्या गरजा ऐकल्या तर मधली मागणी सापडते. साखरवाल्यांना खात्री हवीय, फूडवाल्यांना अचानक धक्का नकोय. ३१ वरून एकदम चाळिशीच्या आसपास जाणं हा फूडसाठी मोठा धक्का आहे, पण एमएसपी एफआरपीशी जोडा, दरवर्षी हंगामाच्या आधी जाहीर करा, असं म्हटलं तर वाढ छोटी छोटी होते आणि फूडला आपलं प्राइसिंग आधी ठरवता येतं. जोडीला दोन कंपन्यांमध्ये सहा महिन्यांचा बाजारभावाचा पुरवठा करार करा, साखरेच्या दाण्याच्या प्रतीप्रमाणे एम-३० किती, एस-३० किती, कुठल्या महिन्यात किती. मला वाटतं फूडचे हेड याला तयार होतील. आणि नाही झाले तर मग खरंच मतभेद आहे असं समजा आणि पुढचं वाचा.

खरा मतभेद असेल तेव्हा ग्रुपने गप्प बसावं. हे मी ठामपणे सांगते. ग्रुपचं लेटरहेड फक्त त्याच विषयाला वापरायचं ज्यावर घरात एकमत आहे, बाकी विषय ज्याच्या त्याच्या संघटनेतून जाऊ द्यात. राज्यातल्या खासगी कारखान्यांची विस्मा पुण्यात आहे, देशपातळीवरची साखर उद्योगाची इस्मा दिल्लीत आहे, पशुखाद्यवाल्यांसाठी क्लफमा आहे. तिथे तुमचे साखरेचे सीईओ एमएसपीवर हवं ते बोलोत, ते उद्योगाचं मत म्हणून जातं आणि अधिकाऱ्यालाही तसंच घ्यायला सोपं पडतं. फक्त एक पथ्य, संघटनेत कोण काय बोललं ते तुम्हाला आधी माहीत हवं. कंपनी बाजारमूल्याने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांत असेल तर बीआरएसआरमध्ये, म्हणजे जबाबदार व्यवसायाबद्दल दरवर्षी द्यायच्या अहवालात, प्रिन्सिपल सात याच विषयावर आहे, कुठल्या संघटनांचे सभासद आहात ते तिथे द्यावं लागतं, आणि धोरणांवर काय भूमिका मांडली याचाही तक्ता आहे. तो ऐच्छिक भागात असला तरी गुंतवणूकदार विचारतात. वर आरटीआय आहेच. त्यामुळे दोन परस्परविरोधी पत्रं कायम लपून राहतील या भरवशावर कोणी राहू नये.

मक्याचं जरा जास्त नाजूक आहे. २०२३-२४ मध्ये इथेनॉलसाठी मका हा सगळ्यात मोठा कच्चा माल झाला, भाव चढले, कुक्कुटपालनवाले ओरडले, जून २०२४ मध्ये सरकारने साधारण पाच लाख टन मका १५ टक्के ड्युटीने आणायची मुभा दिली, एरवी ती ५० टक्के असते. तुमची डिस्टिलरी ऊस संपला की मक्यावर चालते म्हणता, म्हणजे एकाच बाजारात तुमचे दोन धंदे एकमेकांवर बोली लावतायत. डिस्टिलरीवाल्यांची भीती अशी की आपण मका महागला म्हणालो तर सरकार म्हणेल मग इथेनॉलला कमी वापरा. ती भीती निराधार नाही. आणि तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नात आलीच नाहीये, शेतकरी. तुमच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्यांपैकी किती जणांच्या दुसऱ्या वावरात मका आहे ते शेतकी खात्याला विचारा. अमुक कारखान्याच्या मालकांनी बाहेरचा मका स्वस्तात आणा म्हणून पत्र दिलं ही बातमी गटात पोचायला दोन दिवस पुरतात आणि पुढच्या हंगामात तो ऊस शेजारच्या कारखान्याला जातो. म्हणून आयातीच्या मागणीवर ग्रुपचं नाव मी तरी घालणार नाही. उलट घरातच बघा, डिस्टिलरीतून डीडीजीएस (मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) निघतं, ते खाद्यात चालतं, अफ्लाटॉक्सिनची तपासणी नीट केली तर बऱ्यापैकी प्रमाणात चालतं, तर खाद्य कंपनीला त्याच्यावर पहिला हक्क द्या, भावाचं सूत्र ठरवून. मक्याचा सगळा प्रश्न त्याने सुटत नाही पण खाद्यवाल्यांना पहिल्यांदाच वाटेल की आपलंही कोणी ऐकतंय.

हे सगळं शांत वेळी ठरवून ठेवा असं का म्हणते त्याचं कारण डिसेंबर २०२३. सात तारखेला आदेश आला, उसाचा रस आणि सिरपपासून इथेनॉल बंद. पंधरा तारखेला तो बदलला, १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून रस आणि बी-हेवी (बरीच साखर शिल्लक असलेली मळी) दोन्हीला परवानगी मिळाली. पूर्ण मोकळीक मिळायला ऑगस्ट २०२४ संपत आला. आता बघा, त्या पहिल्या आठ दिवसांत ज्यांच्याकडे आकडे तयार होते, किती रस टाकीत आहे, किती कर्ज कुठल्या बँकेचं, कुठल्या ऑइल कंपनीशी किती लिटरचा करार, त्यांचं म्हणणं टेबलावर पोचलं. ज्या ग्रुपमध्ये तेव्हा डिस्टिलरीवाले रडत होते आणि साखर स्वस्त राहील म्हणून फूडवाले मनातून खूश होते, तिथे "आपण काही बोलायचं का" यावरच आठवडा गेला. सरकार तुमच्या घरातल्या मीटिंगसाठी थांबत नाही.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला काळजीने सांगते. भांडण लांबलं की डिव्हिजन स्वतःचा माणूस लावतात, दिल्लीत कोणी "कन्सल्टंट", मुंबईत कोणी "मंत्रालयात ओळख असलेले". तुम्हाला ते बिल कधीतरी "मार्केट स्टडी" नावाने दिसेल. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, कलम ९ नुसार कंपनीच्या वतीने काम करणाऱ्याने लाच दिली तर कंपनी स्वतः आरोपी होते, आणि कलम १० नुसार ज्या संचालकाच्या संमतीने झालं त्याला तीन ते सात वर्षं कैद. आमच्याकडे पुरेशी नियंत्रणं होती हे कंपनीला दाखवता आलं तरच कंपनीला बचाव आहे. त्यामुळे सरकारी कामासाठी बाहेरचा माणूस नेमायचा तर तुमची आणि लीगलची, दोन्ही सह्या लागतील, हा नियम या महिन्यातच करून घ्या. यावर कोणी चिडलं तर चिडू द्या.

तुमच्या स्वतःच्या जागेबद्दलही बोलायला हवं. पगार साखर कंपनीतून निघतो तोवर फूडचे हेड तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, तुम्ही कितीही सरळ वागलात तरी. तुमचा खर्च होल्डिंग कंपनीत हलवून सगळ्यांमध्ये वाटून घ्या, चेअरमनना हे मागणं कठीण नाही, त्यांनाच सोयीचं आहे. आणि निर्णयासाठी मोठी कमिटी नको, चेअरमन किंवा त्यांनी नेमलेला एक संचालक, सीएफओ, संबंधित दोन हेड आणि तुम्ही, दर तिमाहीला एक तास. पत्राचा मसुदा तुम्ही करायचा, हिशोब सीएफओंचा, निर्णय चेअरमनचा, आणि निर्णय एका ओळीत मिनिट्समध्ये. चेअरमन स्वतः ठरवायला तयारच नसतील, प्रमोटर घराण्यात दोन भावांकडे दोन धंदे आहेत असं काही असेल, तर मात्र माझं वरचं बरंचसं लागू पडणार नाही. तिथे आधी घरातलं मिटायला हवं आणि ते तुमच्या हातात नाही, तुम्ही फक्त लेटरहेड सांभाळा.

राहिला शुक्रवार. सीईओंना नाही म्हणू नका, वेळ मागा आणि पर्याय द्या. आजच मसुदा करा, साखर कंपनीच्या नावाने, ग्रुपच्या नाही, विस्माला उद्देशून, मागणी एफआरपीशी जोडणीची आणि हंगामाआधी जाहीर करण्याची. तो सीईओंना दाखवायच्या आधी फूडच्या हेडकडे स्वतः जा, मेल करू नका, प्रिंट घेऊन जा, त्यांच्यासमोर बसा आणि विचारा यातलं कुठलं वाक्य तुम्हाला चालत नाही. ते पेनाने खुणा करतील त्या जशाच्या तशा ठेवून तो कागद सीईओंकडे न्या. चेअरमनसाठी मेल दोन ओळींचा पुरे: मसुदा सोबत आहे, फूडचे दोन आक्षेप आहेत, सीएफओंचा हिशोब सोमवारी येईल, तोपर्यंत ग्रुपच्या नावाने काही पाठवत नाहीये. बहुतेक वेळा त्या दोन ओळींना उत्तर येतं. आलं की कळवा, पुढचा मसुदा मी बघून देईन.